लिथियमचा पहिला रुग्ण : बायपोलर विकाराच्या उपचाराचा एक अपुरा सांगितलेला इतिहास

#धागा

(१)
२९ मार्च १९४८. ऑस्ट्रेलियात, मेलबर्नजवळच्या बंडूरा येथील माजी सैनिकांच्या मनोरुग्णालयात एका ५१ वर्षांच्या रुग्णाला लिथियम सायट्रेट हे क्षार देण्यास आरंभ झाला. पाच वर्षे हे गृहस्थ अखंड उन्मादात होते आणि वॉर्डातील सर्वांत त्रासदायक रुग्ण म्हणून ओळखले जात होते. साडेतीन महिन्यांच्या आत ते घरी परतले आणि आपल्या जुन्या कामावर रुजू झाले. त्यांच्यावरील निबंधात त्यांची ओळख ‘डब्ल्यू. बी.’ या आद्याक्षरांपुरतीच आहे.

(२)
बायपोलर विकारावरील पहिल्या परिणामकारक औषधाची कथा बहुतेक ठिकाणी इथेच, या सुखान्तापाशी, संपवली जाते. परंतु डब्ल्यू. बी. पुढे दोन वर्षांनी त्याच औषधाच्या विषबाधेने मरण पावले. या धाग्यात ती वगळलेली दोन वर्षे आणि त्यानंतरची वीस वर्षे पाहू. लिथियमचा गुण १९४८ मध्ये दिसला खरा. पण त्याचा ‘उपचार’ होण्यासाठी एक मृत्यू, एक मोजमापाचे यंत्र आणि एक वेगळा प्रश्न विचारणारा डॉक्टर लागला.

(३)
आधी आजार समजून घेऊ. मनःस्थितीत चढउतार सर्वांच्याच होतात. त्यांना बायपोलर म्हणत नाहीत. या विकारात उन्मादाचा काळ सलग आठवडाभर वा त्याहून अधिक टिकतो. झोप दोन-तीन तासांवर येते, तरी थकवा जाणवत नाही. विचार आणि बोलणे धावू लागते, पैसा उधळला जातो, स्वतःच्या सामर्थ्याविषयी अवास्तव खात्री वाटते. उलट टोकाला आठवडेच्या आठवडे चालणारे नैराश्य असते. त्यात अंथरुणातून उठणेही अशक्य वाटते आणि मृत्यूचे विचार येतात. उन्माद सौम्य राहिला आणि नैराश्य मात्र तीव्र असले, तर त्याला दुसऱ्या प्रकारचा बायपोलर विकार म्हणतात.

(४)
उन्माद आणि खिन्नता ही दोन्ही रूपे प्राचीन ग्रीक वैद्यांनाही ठाऊक होती. मात्र ती एकाच आजाराची दोन रूपे आहेत, हे आधुनिक मानसोपचारात ठामपणे मांडले गेले ते एकोणिसाव्या शतकातील पॅरिसमध्ये. १८५४ च्या आरंभी, अवघ्या काही दिवसांच्या अंतराने, ज्यूल बायार्झे आणि झाँ-पिएर फाल्रे या दोन डॉक्टरांनी तेथील वैद्यक अकादमीपुढे हा विचार मांडला. बायार्झे यांनी त्याला ‘दुहेरी रूपाचे वेड’ म्हटले, तर फाल्रे यांनी ‘वर्तुळाकार वेड’. अग्रमान कोणाचा, यावर दोघांत कडाक्याचा वाद झाला.

(५)
त्या वादापेक्षा फाल्रे यांचे एक निरीक्षण मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्यांच्या वर्णनात वर्तुळाचे तीन भाग होते : उन्माद, खिन्नता आणि या दोहोंच्या मधला निरोगी काळ. रुग्ण पूर्ण बरा दिसतो तो काळही त्यांनी आजाराच्या चक्रातच गणला. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे डब्ल्यू. बी. यांच्या बाबतीत जे घडले त्याचे मूळ याच मधल्या काळात आहे.

(६)
१८९९ मध्ये जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीत अशा सर्व आजारांना ‘उन्माद-खिन्नतेचे वेड’ या एका नावाखाली आणले. केवळ नैराश्य येणारे रुग्ण आणि दोन्ही टोके अनुभवणारे रुग्ण यांना वेगळे काढले ते कार्ल लिओनहार्ड यांनी, १९५७ मध्ये. ‘बायपोलर डिसऑर्डर’ हे नाव १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानग्रंथात आले आणि तेथून जगभर रूढ झाले.

(७)
नाव आले, वर्गीकरण झाले; उपचाराचे काय? १९४० च्या दशकात उन्मादाच्या रुग्णासाठी बंद दरवाजे, गुंगी आणणारी ब्रोमाइड-बार्बिट्युरेटसारखी औषधे आणि १९३८ मध्ये रोममध्ये सुरू झालेली विजेच्या झटक्यांची उपचारपद्धती एवढेच हाताशी होते. मेंदूचे तंतू छेदणारी शस्त्रक्रियाही होत असे. तिचे प्रणेते एगास मोनिझ यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले ते १९४९ मध्ये. लिथियमवरील निबंधही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला, आणि त्याकडे जगाचे फारसे लक्ष गेले नाही.

(८)
त्या निबंधाचे लेखक डॉ. जॉन केड. जन्म १९१२, व्हिक्टोरिया प्रांतातील मर्टोआ या गावी. वडीलही मनोरुग्णालयात डॉक्टर. त्यामुळे मुलाचे बालपण मनोरुग्णालयांच्या आवारातच गेले. दुसऱ्या महायुद्धात केड सैन्यात डॉक्टर म्हणून दाखल झाले आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर जपान्यांच्या हाती सापडले. पुढची साडेतीन वर्षे त्यांनी चांगीच्या युद्धकैद्यांच्या छावणीत काढली. मानसिक आजाराचे मूळ शरीरात शोधले पाहिजे, ही त्यांची धारणा तेथील अनुभवाने दृढ झाली.

(९)
केड यांनी तर्क केला तो थायरॉइडच्या उपमेवरून. थायरॉइडचा स्राव वाढला की माणूस अस्वस्थ आणि उत्तेजित होतो, कमी झाला की मंदावतो. मग शरीरातीलच एखादा अज्ञात पदार्थ प्रमाणाबाहेर वाढल्याने उन्माद आणि घटल्याने खिन्नता येत असेल का? तसे असेल तर जादा पदार्थ लघवीवाटे बाहेर पडत असणार. हा तर्क पुढे टिकला नाही. पण त्याचा पाठपुरावा करताना जे हाती लागले, ते टिकले.

(१०)
बंडूराच्या रुग्णालयात प्रयोगशाळा नव्हती. वापरात नसलेल्या एका स्वयंपाकघरवजा खोलीत केड यांनी काम सुरू केले. रुग्णांच्या लघवीचे नमुने ते घरच्या फ्रिजमध्येही ठेवत. हे नमुने गिनिपिगच्या पोटात टोचून ते परिणाम पाहत. काही उन्मादी रुग्णांची लघवी अधिक विषारी ठरत होती. यात यूरिक आम्लाचा हात आहे का, हे त्यांना तपासायचे होते. पण यूरिक आम्ल पाण्यात नीट विरघळत नाही. त्याचा सर्वाधिक विरघळणारा क्षार म्हणजे लिथियम यूरेट. लिथियम या कथेत आले ते असे, निव्वळ विरघळण्याच्या सोयीसाठी.

(११)
लिथियम यूरेटने विषारीपणा वाढण्याऐवजी कमी झाला. म्हणून केड यांनी यूरिक आम्ल वगळून नुसते लिथियम कार्बोनेट टोचून पाहिले. दोनेक तासांनी एरवी बुजरे असणारे गिनिपिग सुस्त झाले. उताणे ठेवले तरी धडपड न करता शांत पडून राहिले. केड यांना हा औषधाचा शामक गुण वाटला. ते प्राणी बहुधा लिथियमच्या मोठ्या मात्रेने आजारी पडले होते, असे पुढच्या अभ्यासकांचे मत आहे. चुकीच्या गृहीतकावरून, चुकीच्या वाचनातून, योग्य औषधापर्यंत पोहोचण्याचे हे विरळ उदाहरण होय. रुग्णांना देण्याआधी केड यांनी लिथियम स्वतः घेऊन पाहिले.

(१२)
इथे एक दुरुस्ती करणे आवश्यक आहे. लिथियम हे काही नवे औषध नव्हते. १८१७ मध्ये स्वीडनच्या योहान ऑगस्ट अर्फवेडसन यांनी हे मूलद्रव्य एका खनिजात शोधले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ते संधिवाताच्या एका प्रकारावर, गाउटवर, दिले जात होते. अमेरिकेत विल्यम हॅमंड यांनी १८७१ मध्ये उन्मादावर, तर डेन्मार्कमध्ये कार्ल लांगे यांनी १८८६ च्या सुमारास वारंवार येणाऱ्या नैराश्यावर लिथियमच्या क्षारांचा वापर नोंदवला होता. लांगे यांची उपपत्तीही यूरिक आम्लाचीच होती; ती मोडीत निघाली तसा उपचारही विस्मृतीत गेला. १९२९ मध्ये बाजारात आलेल्या आणि पुढे ‘सेव्हन अप’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या पेयातही आरंभी लिथियम सायट्रेट असे.

(१३)
आता पुन्हा डब्ल्यू. बी. यांच्याकडे. केड यांच्या नोंदीनुसार चौथ्या दिवशी थोडा फरक जाणवला. पण तो आपल्याच आशावादी मनाचा खेळ असावा, अशी शंकाही त्यांनी प्रांजळपणे नोंदवली. पाचव्या दिवशी बदल स्पष्ट होता. तीन आठवड्यांत रुग्णाला बऱ्या होत असलेल्या रुग्णांच्या वॉर्डात हलवले गेले. ९ जुलै १९४८ रोजी, दिवसातून दोनदा लिथियम घेत राहण्याच्या सूचनेसह, ते घरी गेले.

(१४)
पुढचा भाग केड यांच्याच निबंधात आहे, तरीही तो क्वचितच सांगितला जातो. काम सुरळीत सुरू झाले, दिवस चांगले जाऊ लागले, तशी डब्ल्यू. बी. यांची औषधाबाबत हयगय होऊ लागली आणि अखेर त्यांनी ते सोडून दिले. नातेवाइकांनी सांगितले की किमान सहा आठवडे त्यांनी लिथियम घेतलेले नाही आणि त्यांची चिडचिड वाढत चालली आहे. ३० जानेवारी १९४९ रोजी ते पुन्हा दाखल झाले. लिथियम सुरू केल्यावर पंधरवड्यात सावरले आणि फेब्रुवारीअखेर परत घरी गेले.

(१५)
३ सप्टेंबर १९४९ रोजी ‘मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलिया’त केड यांचा निबंध प्रसिद्ध झाला. उन्मादाच्या दहाही रुग्णांना गुण आला होता. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांपैकी काहींची अस्वस्थता तेवढी कमी झाली; खिन्नतेच्या तीन रुग्णांना विशेष लाभ झाला नाही. म्हणजे हे औषध केवळ गुंगी आणत नव्हते; ते एका विशिष्ट आजारावर काम करत होते. मानसोपचारात हा विचारच नवा होता.

(१६)
निबंध छापून आल्यावर वर्षही उलटले नव्हते. मे १९५० मध्ये डब्ल्यू. बी. यांचा रुग्णालयात लिथियमच्या विषबाधेने मृत्यू झाला. ज्या औषधाने त्यांना पाच वर्षांच्या उन्मादातून बाहेर काढले, त्याच्याच अतिरेकाने त्यांचा बळी घेतला. केड स्वतः या औषधापासून काही काळ दूर राहिले. आपल्या शोधाचे गोडवे गात राहण्यापेक्षा हे थांबणे अधिक प्रामाणिक होते, असे मला वाटते.

(१७)
हे का घडले? आपले मूत्रपिंड लिथियमला बरेचसे सोडियमसारखेच वागवते. शरीरात मीठ किंवा पाणी कमी पडले की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवते आणि त्याबरोबर लिथियमही. मग तीच नेहमीची मात्रा रक्तात साचू लागते. शिवाय गुणकारी पातळी आणि विषारी पातळी यांतील अंतर फार थोडे आहे. हात थरथरणे, उलट्या, जुलाब, अडखळती चाल, गुंगी आणि शेवटी बेशुद्धी असा विषबाधेचा क्रम असतो. रक्तातील पातळी मोजण्याची सोय नसताना डॉक्टरांना लक्षणे दिसल्यावरच अंदाज येई.

(१८)
दुर्दैवाने याच सुमारास अमेरिकेत लिथियम क्लोराइड हे मिठाला पर्याय म्हणून विकले जात होते. हृदयविकाराच्या ज्या रुग्णांना मीठ वर्ज्य होते, तेच ते जेवणावर भुरभुरत. मीठ कमी आणि लिथियम अनिर्बंध, हे सर्वांत घातक मिश्रण ठरले. मृत्यू घडले आणि १९४९ च्या आरंभी या उत्पादनांवर बंदी आली. केड यांचा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा अमेरिकेत लिथियम हे नाव विष म्हणून गाजत होते.

(१९)
औषध वाचले ते मोजमापामुळे. मेलबर्न विद्यापीठातील एडवर्ड ट्राउटनर यांनी फ्लेम फोटोमीटर हे यंत्र हाताशी घेतले. नमुना ज्योतीत धरला की प्रत्येक धातू आपापल्या रंगाचा प्रकाश देतो. त्या प्रकाशाच्या तीव्रतेवरून रक्तातील प्रमाण कळते. लिथियमची ज्योत गडद लाल असते. १९५१ मध्ये चार्ल्स नोआक आणि ट्राउटनर यांनी शंभराहून अधिक रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. पातळी मोजून मात्रा ठरवली, तर हे औषध सुरक्षितपणे देता येते, हा मार्ग या कामाने दाखवला. केड यांचे नाव सर्वज्ञात आहे. ट्राउटनर यांचे नाव मात्र तज्ज्ञांपुरते उरले.

(२०)
पुढचे पाऊल डेन्मार्कमध्ये पडले. आरहूसजवळच्या रिस्कोव्ह येथील रुग्णालयात मोगेन्स स्काऊ आणि सहकाऱ्यांनी उन्मादाच्या ३८ रुग्णांवर चाचणी घेतली आणि १९५४ मध्ये ती प्रसिद्ध केली. काही रुग्णांना लिथियम द्यायचे की औषधासारखी दिसणारी निष्प्रभ गोळी, म्हणजे प्लासिबो, हे नाणे उडवून ठरवले गेले. मानसोपचारात अशा पद्धतीने झालेल्या अगदी सुरुवातीच्या चाचण्यांपैकी ही एक. केड यांचे निरीक्षण खरे होते.

(२१)
स्काऊ यांच्या चिकाटीला घरातले कारणही होते. त्यांच्या भावाला तरुणपणापासून वारंवार नैराश्याचे झटके येत. लिथियमवर आल्यानंतर ते थांबले, असे स्काऊ यांनी पुढे स्वतःच सांगितले. यातून प्रश्नाचे स्वरूप बदलले. केड यांनी विचारले होते : पेटलेला उन्माद शांत करता येईल का? स्काऊ आणि त्यांचे सहकारी पॉल बास्ट्रुप विचारू लागले : पुढचा झटका येऊच नये, असे करता येईल का? फाल्रे यांच्या वर्तुळातील मधला निरोगी काळ आता उपचाराचा मुख्य विषय झाला.

(२२)
१९६७ मध्ये बास्ट्रुप आणि स्काऊ यांनी ८८ स्त्री-रुग्णांचा दीर्घकालीन अभ्यास मांडला : लिथियम सुरू झाल्यावर झटके लक्षणीय घटले होते. परंतु १९६८ मध्ये लंडनच्या बॅरी ब्लॅकवेल आणि मायकेल शेफर्ड यांनी ‘लॅन्सेट’मध्ये त्यावर कठोर टीका केली. हा आजार मुळातच चढउताराचा; तुलनेसाठी दुसरा गट नसताना श्रेय औषधाचे की काळाचे, हे कसे ठरवणार? इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही हा प्रश्न ओळखीचा वाटेल : एकामागून एक घडले म्हणजे एकामुळे दुसरे घडले, असे होत नाही.

(२३)
टीका रास्त होती, पण तिचे उत्तर देणे नैतिकदृष्ट्या कठीण होते. ज्यांना गुण आला आहे त्यांचे औषध काढून घ्यायचे? डेन्मार्कच्या डॉक्टरांनी मार्ग काढला. रुग्णांच्या जोड्या लावल्या, एकाला लिथियम आणि दुसऱ्याला प्लासिबो दिले, आणि निष्कर्ष स्पष्ट होताच चाचणी थांबेल अशी रचना केली. १९७० मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. प्लासिबोवरील ३९ जणींपैकी २१ जणींचा आजार उलटला. लिथियमवरील ४५ पैकी एकीचाही नाही. वाद पूर्ण मिटला नसला, तरी त्याचे पारडे फिरले.

(२४)
त्याच वर्षी, एप्रिल १९७० मध्ये, अमेरिकेने उन्मादासाठी लिथियमला मान्यता दिली आणि १९७४ मध्ये प्रतिबंधात्मक वापरासाठीही. एवढा उशीर का? मिठाच्या पर्यायाची भीती हे एक कारण. दुसरे असे की निसर्गात सापडणाऱ्या साध्या क्षाराचे पेटंट घेता येत नाही. त्यामुळे त्यासाठी खर्च करण्यात कंपन्यांना स्वारस्य नव्हते. पुढे व्हॅल्प्रोएट, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन ही मूळची अपस्माराची औषधे आणि नवी मनोविकारविरोधी औषधेही उपचारात आली. त्यांच्या जोडीला समुपदेशन, कुटुंबाचे शिक्षण आणि झोपेची नियमितता यांचे महत्त्व मान्य झाले. लिथियम मात्र आजही पहिल्या फळीत आहे.

(२५)
आजचा उपचार या इतिहासाने घडवला आहे. लिथियम घेणाऱ्यास डॉक्टर ठराविक अंतराने रक्त तपासायला सांगतात ते ट्राउटनर यांच्या कामामुळे. शेवटच्या मात्रेनंतर सुमारे १२ तासांनी नमुना घेतला जातो आणि पातळी साधारणपणे ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर राखली जाते, १.५ च्या पुढे धोका वाढत जातो. मूत्रपिंड आणि थायरॉइडवर परिणाम होऊ शकतो, म्हणून त्यांचीही तपासणी होते. आपल्याकडे वैशाखातील ऊन, निर्जळी उपवास, जुलाब, अचानक मीठ सोडणे आणि डॉक्टरांना न विचारता घेतलेली आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके, या साऱ्यांनी पातळी वर जाऊ शकते. गर्भधारणेचा विचार असल्यास औषधांची चर्चा आधीच करावी. व्हॅल्प्रोएट गर्भाला विशेष घातक ठरू शकते.

(२६)
डब्ल्यू. बी. यांच्या आयुष्यातील दोन प्रसंग म्हणजे या उपचारापुढील दोन कायमचे प्रश्न आहेत. त्यांचा मृत्यू सांगतो की मात्रा मोजलीच पाहिजे. त्या प्रश्नाचे उत्तर सापडले. बरे वाटू लागल्यावर औषध सोडण्याचा त्यांचा निर्णय मात्र आजही अनेक घरांत जसाच्या तसा घडतो. ‘आता ठीक आहे ना, मग गोळ्या कशाला?’ हा प्रश्न रुग्ण विचारतो, कधी नातेवाईकही विचारतात. त्यामागे बेफिकिरी असतेच असे नाही. हात थरथरतात, वजन वाढते, उत्साह मंदावल्यासारखा वाटतो, आणि मुख्य म्हणजे रोजची गोळी रोज आजाराची आठवण करून देते.

(२७)
म्हणून ‘शोध लागला आणि रुग्ण बरे झाले’ अशी ही कथा सांगणे मला अपुरे वाटते. पहिल्या रुग्णाचा मृत्यू वगळला की मोजमापाचे महत्त्व दिसेनासे होते, आणि त्यांनी औषध सोडल्याची नोंद वगळली की रुग्णाच्या बाजूचा संघर्षही. १९८० मध्ये केड गेले, २००५ मध्ये स्काऊ. दोघांना सन्मान मिळाले आणि ते योग्यच होते. पण ज्या माणसाच्या शरीरावर हे औषध पहिल्यांदा पारखले गेले, त्याची कथा शेवटपर्यंत सांगणे हे आपण त्याचे देणे लागतो.

(२८)
वाचकांपैकी कोणी किंवा त्यांच्या घरातले कोणी हे उपचार घेत असतील, तर या धाग्यावरून औषधाची मात्रा बदलू नये, औषध एकाएकी थांबवू नये. त्रास होत असेल तर तो आपल्या डॉक्टरांपुढे मोकळेपणाने मांडावा. मनात जीव देण्याचे विचार येत असतील, तर भारत सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे.

धागा समाप्त.